साहेबांची अंघोळ

संस्थेतली मुलं तिला जंतूआजी म्हणत. हे नाव पडलं पहिल्याच दिवशी, आणि त्यात मुलांचा काही दोष नव्हता.

चौतीस वर्षं ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. नळाचं, विहिरींचं, टाक्यांचं पाणी बाटल्यांमधून यायचं आणि ती त्यातले जंतू मोजायची. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही. पहिल्या दोन महिन्यांत तिने फ्रीजचं, पाणी तापवायच्या हीटरचं आणि नवऱ्याच्या कपाळाचं तापमान इतक्या वेळा घेतलं, की तो बिचारा हात जोडून म्हणाला, "अगं, कुठेतरी जा. लोकांचं भलं कर. माझं पुष्कळ झालं."

म्हणून ती गंभीर आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत स्वयंसेविका म्हणून रुजू झाली. संस्थेची खोली मुलांच्या इस्पितळातच, तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी. अध्यक्षबाईंनी तिला गुलाबी अंगरखा दिला आणि नियमांचा कागद दिला. नियम पहिला, सदैव हसतमुख राहावे. नियम तिसरा, मुलांशी बोलताना 'नाही' हा शब्द वापरू नये. नियम सातवा, उपचारांबद्दल काहीही बोलू नये. जंतूआजीने कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि वॉर्डात फुगे वाटायला गेली.

चार वर्षांच्या एका मुलाने विचारलं, "हा फुगा उद्या राहील?"

'नाही' म्हणायचं नव्हतं. ती म्हणाली, "राहील. पण उद्या तो थोडा लहान झालेला असेल, परवा आणखी थोडा."

मुलाचा ओठ बाहेर आला. पलीकडच्या खाटेवरच्या मुलीने विचारलं, "ह्याच्यात काय असतं?" फुगे संस्थेचे ड्रायव्हरकाका तोंडाने फुगवत. तिने ते सांगितलं. मग माणसाच्या तोंडात साधारण किती प्रकारचे जंतू राहतात तेही सांगितलं, कारण मुलगी हुशार दिसत होती. दहा मिनिटांत वॉर्डातले सगळे फुगे परत आले. ड्रायव्हरकाकांनी महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं.

अध्यक्षबाई मनाने चांगल्या होत्या. जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्या गोड म्हणत, सलाइनच्या स्टँडलासुद्धा. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं ज्ञान किती गोड आहे. पण ते पडद्यामागे जास्त गोड शोभेल." आणि त्यांनी तिला खेळणी धुण्याचं काम दिलं.

आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. खेळणी धुणं हे काम तिच्यासाठीच जन्माला आलं होतं. तिने तक्ता केला. प्लॅस्टिकची वेगळी, लाकडाची वेगळी, बॅटरीवाली पुसून. प्रत्येक खेळणं आलं की वहीत नोंद: लांबी, वजन, रंग, वास, अवस्था. प्रयोगशाळेत नमुना असाच नोंदवून घेत. वर्षभरात इस्पितळातली खेळणी इतकी स्वच्छ झाली, की मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, वॉर्डात चाटायला सुरक्षित अशी तेवढीच वस्तू आहे.

आणि मग एका शनिवारी वकीलबाईने तिला बोलावून घेतलं.

वकीलबाई सात वर्षांची होती. तिला जन्मापासून रक्ताचा आजार होता. दर तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला ती यायची, त्यामुळे इस्पितळाचे जिने, लिफ्टा आणि माणसांचे स्वभाव तिला तोंडपाठ होते. नाव सिस्टरांनी ठेवलं होतं, कारण सुई टोचायच्या आधी ती उलटतपासणी घ्यायची. आता तिच्या मोठ्या भावाचा बोन मॅरो तिला देणार होते. त्यासाठी सहा आठवडे काचेच्या खोलीत राहायचं. आत गाळलेली हवा, सोबत फक्त आई, बाकी सगळे काचेबाहेर.

मागच्या आठवड्यात तिला ती खोली नुसती दाखवायला नेलं, तेव्हा वकीलबाईने दाराची चौकट धरली. दोन वॉर्डबॉय आणि एक बाप मिळून ती सोडवू शकले नाहीत. रडली नाही, ओरडली नाही. चौकट धरून उभी राहिली. भावाची तारीख ठरलेली, औषधं ठरलेली, सोमवारी सकाळी दहाला आत जायचं हेही ठरलेलं. गुंगी देऊन उचलून नेता आलं असतं, पण सहा आठवडे रोज गोळ्या घ्यायच्या त्या तिनेच, त्यामुळे मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की ती आपल्या पायांनी गेली पाहिजे. दोन दिवस वाटाघाटी झाल्या. शेवटी तिने एकच अट घातली: साहेब बरोबर आले तर जाईन.

साहेब म्हणजे हत्ती. मावशीने लोकरीचा विणलेला, राखाडी, बटणांच्या डोळ्यांचा. वकीलबाईचा जन्म झाला त्या आठवड्यापासून साहेब नोकरीत होते. एकूण एक रक्ताच्या बाटलीला ते हजर. नियम असा, की त्या खोलीत जाणारी प्रत्येक वस्तू गरम पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीतून आली पाहिजे. म्हणून जंतूआजी.

"हे साहेब," वकीलबाई म्हणाली. "त्यांनी कधी अंघोळ केलेली नाही."

"बरं," जंतूआजी म्हणाली. साहेबांकडे पाहूनच ते कळत होतं.

"तुम्हाला येतं ना नीट?"

"चौतीस वर्षं हेच केलं."

"हत्ती?"

"जंतू."

वकीलबाईने यावर विचार केला. "सोमवारी दहाच्या आत आणा. कान ओढू नका. शेपटी नायलॉनची आहे, आधीची लोकरीची दादाने तोडली." मग आवाज खाली करून, "दादाचा बोन मॅरो मला देणार आहेत. तो गणितात दोनदा नापास झालाय. ते येतं का त्यातून?"

"गणित डोक्यात असतं. हाडात नसतं."

वकीलबाई समाधानाने मागे टेकली. 'नसतं' हा शब्द नियम तीनमध्ये मोडतो का, याचा विचार जंतूआजी घरी पोचेपर्यंत करत होती.

दाराशी सिस्टरांनी आठवण करून दिली. "साठ अंशाला धुवा हं. तेवढं पुरे."

साठ म्हणजे किमान, असं जंतूआजीने मनात धरलं. लेकरू ज्या खोलीत जाणार, तिथे साधी सर्दी शिरली तरी जिवावर बेतणार. तिथे किमान कोण करतं?

घरी आल्यावर तिने साहेबांची रीतसर नोंद केली. सोंडेपासून बुडापर्यंत चौतीस सेंटिमीटर. शेपूट अकरा. वजन दोनशे बारा ग्रॅम. रंग राखाडी, पोटाकडे तपकिरी. वास: खोबरेल, औषध, थोडा माणसाचा. मग डोळ्यांची बटणं निघून हरवू नयेत म्हणून साहेबांना उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधलं आणि मशीन लावलं. मशीनवर तीस, चाळीस, साठ आणि नव्वद असे आकडे होते. तिने काटा नव्वदवर नेला.

दोन तासांनी मशीन थांबलं. आता अभ्रा उघडून हात लावला, तर हाताचे जंतू लागणार. तिने अभ्रा तसाच ओला उचलला आणि मोठ्या कुकरमध्ये, खाली जाळी ठेवून, पाण्याला टेकणार नाही असा ठेवला. एवढा हत्ती कुकरमध्ये मावेल का, याची तिला धाकधूक होती. सोंड दुमडावी लागेल असं वाटलं होतं. पण अभ्रा सहज बसला, वर चार बोटं जागा राहिली. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. पण माणसाला शंका नेहमी दुसऱ्याच्या कामात येते.

नवरा टपाल खात्यातून निवृत्त झालेला, शांत स्वभावाचा. तो पेपर वाचत स्वयंपाकघरात आला. "आज काय शिजतंय?"

"हत्ती."

त्याने पेपराचं पान उलटलं. "किती शिट्या?"

"शिट्या मोजत नाहीत. पूर्ण दाबावर वीस मिनिटं."

"दोघांना पुरेल ना?"

"अहो, त्या मुलीचा आहे. काचेच्या खोलीत जायचाय. कुकरच्या पूर्ण दाबाला एकशे एकवीस अंश मिळतात. त्यात जिवंत काही उरत नाही."

"हत्तीसुद्धा?" नवरा म्हणाला आणि ती रागावायच्या आत बाहेर गेला.

वाफ गेली, कुकर उघडला, अभ्रा गॅलरीतल्या कडक उन्हात टांगला. दुपारी चार वाजता, हात साबणाने कोपरापर्यंत धुऊन, तिने गाठ सोडली.

आतून जे निघालं ते वीतभर होतं.

तिने ते टेबलावर ठेवलं. सोंड अंगठ्याएवढी. कान जाड आणि ताठ, जणू कुणीतरी काहीतरी वाईट सांगितल्यासारखे उभे. लोकरीचे टाके मिटून कातड्यासारखा घट्ट पत्रा झालेला. बटणांचे डोळे मात्र तेवढेच होते, त्यामुळे साहेब कमालीचे चकित झालेले दिसत होते. आणि मागे ती नायलॉनची शेपूट, पूर्वीइतकीच लांब, टेबलावर लोळणारी.

नवरा आला. त्याने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"हत्ती गेला," तो म्हणाला, "आणि शेपूट राहिलं."

तिने पट्टी घेतली आणि मापलं. एकवीस सेंटिमीटर. शेपूट अकरा. वजन दोनशे नऊ. पट्टी उलटी करून तिने पुन्हा मापलं आणि तेच आकडे पुन्हा लिहिले. नवऱ्याने ते पाहिलं आणि पुढची दोन वाक्यं गिळली. ती आतापर्यंतच्या संसारात त्याने गिळलेली सगळ्यांत चांगली वाक्यं होती, असं तो पुढे कित्येक दिवस सांगत असे.

जंतूआजीला जंतू माहीत होते. लोकर माहीत नव्हती. चौतीस वर्षांत एकही लोकरी नमुना प्रयोगशाळेत आला नव्हता. रविवारी सकाळी ती कपाटापाशी गेली.

"अहो, तुमचे लोकरी मोजे घेते."

"थंडी नाहीये अजून."

"घालायला नाही. चूक मशीनची की कुकरची, ते ठरवायला हवं. एक मोजा मशीनमध्ये, एक कुकरमध्ये."

"आणि ठरल्यावर?"

"मिळेल."

"मोजे?"

"कारण."

दुपारपर्यंत कारण कळलं. कुकर निर्दोष सुटला. मशीन दोषी ठरलं. गरम पाणी आणि वर घुसळणं, याने लोकर आवळते. नवऱ्याकडे आता एक मोजा स्वतःच्या मापाचा आणि एक बाहुलीच्या मापाचा होता. "म्हणजे सिस्टरांचे साठसुद्धा चुकीचेच होते," तो तिला धीर द्यायला म्हणाला.

"साठला कमी आवळला असता. कदाचित अठ्ठावीसचा राहिला असता." तिने पेन ठेवलं. "अहो, ती आत गेली नाही तर?"

यावर विनोद नव्हता. नवऱ्याने शोधला, पण नव्हता. "फोन कर अध्यक्षबाईंना," तो म्हणाला.

अध्यक्षबाई संध्याकाळी घरी आल्या. साहेबांना पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि क्षणभर त्यांना गोड हा शब्द सुचला नाही. मग त्यांनी कंबर कसली. खेळण्यांच्या मोठ्या दुकानात तस्साच हत्ती मिळतो, राखाडी, बटणांचा, त्यांनी पाहिलाय. आत्ता आणते, साठ अंशाच्या पाण्यात न घुसळता बुडवून धुते, पंख्याखाली वाळवते, पिशवीत घालते. "मुलांचं काय हो, त्यांना कळतं थोडंच."

"हिला कळेल."

"तिला वाटेल अंघोळीने नवा झाला. किती गोड."

"बाई, याला नमुना बदलणं म्हणतात." जंतूआजीचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त शब्द सावकाश येत होते. "आमच्याकडे एका माणसाने एकदा केलं होतं. एका विहिरीची बाटली फुटली, म्हणून त्याने दुसरीचं पाणी भरून ठेवलं. त्याला काढून टाकलं."

"ताई, इथे विहीर नाही, लेकरू आहे. उद्या दहाला ती आत गेली नाही, तर सगळं पुढे जाईल. तुमचं खरं मोठं, की तिचं आत जाणं?"

जंतूआजीने त्यांना दुकानात जाऊ दिलं. रात्री तिने साहेबांना पुन्हा कुकरमधून काढून, पंख्याखाली वाळवून दोन पिशव्यांत बंद केलं, वर तारीख घातली आणि पर्समध्ये ठेवलं. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. फुटलेली बाटलीही फेकायची नसते, पुरावा म्हणून ठेवायची असते, एवढंच.

सोमवारी साडेनऊला वकीलबाई काचेच्या खोलीच्या अलीकडच्या छोट्या खोलीत खाटेवर बसली होती. दोन वेण्या, गुडघ्यांवर हात. आई शेजारी उभी होती. दोघींचे कपडे धुऊन पिशव्यांत बंद केलेले, पायाशी रांगेने ठेवले होते. सिस्टर दाराशी घड्याळ बघत होत्या. पलीकडे ते दार आणि ती चौकट.

"तुम्ही फक्त हसा," अध्यक्षबाई जंतूआजीच्या कानात म्हणाल्या, आणि नव्या हत्तीची पिशवी घेऊन पुढे झाल्या. "बघा बघा कोण आलं. साहेब. अंघोळ करून किती गोड झालेत."

वकीलबाईने पिशवी हातात घेतली नाही. मान वाकडी करून तिने हत्तीला डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून.

"हे कोण?"

"साहेब, राणी."

"यांची शेपटी लोकरीची आहे."

"अंघोळीने होतं तसं, सोन्या."

"अंघोळीने नायलॉनची लोकर होत नाही." वकीलबाईने मान वळवली. "आजी, हे साहेब आहेत का?"

सिस्टरांनी घड्याळावरून नजर काढली. अध्यक्षबाई हसत होत्या. त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं होतं. जंतूआजीने नियमांचा कागद आठवला. त्यात या प्रश्नाला दुसरं उत्तर नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग साहेब कुठे आहेत?"

जंतूआजीने पर्स उघडली. पिशवी खाटेवर ठेवली. आतून चकित डोळे वर पाहत होते.

"अगं बाई," आई म्हणाली आणि तिने पटकन ओठ दाबले.

 वकीलबाईचा एक हात खाटेच्या कडेला गेला आणि त्या कडेला घट्ट बसला. सिस्टरांनी तो हात पाहिला. सगळ्यांनीच पाहिला.

"लहान झालेत."

"हो. चौतीसचे एकवीस."

"का?"

"मी जास्त गरम पाण्यात धुतलं. सिस्टरांनी साठ सांगितलं होतं, मी नव्वद केलं. चूक माझी आहे."

"का केलं?"

"मला वाटलं, जास्त म्हणजे जास्त चांगलं."

"आजींनी मुद्दाम नाही गं केलं," आई म्हणाली.

"आई, मी त्यांना विचारतेय." वकीलबाईने नजर हलवली नाही. "त्यांना दुखलं?"

जंतूआजीने विचार केला. "लोकरीला नसा नसतात. म्हणून मला वाटतं, दुखलं नसावं. पण खात्रीने माहीत नाही."

"माझी सही घेतली होती?"

"कसली?"

"माझं काही करायच्या आधी बाबांची सही घेतात. साहेबांसाठी माझी घ्यायला हवी होती. आणि सहीच्या आधी सांगावं लागतं, काय काय होऊ शकतं. यादी असते त्याची."

"नाही घेतली," जंतूआजी म्हणाली. "घ्यायला हवी होती."

"त्यांच्यातलं काय काय गेलं?"

"वजन केलं मी. आधी दोनशे बारा ग्रॅम, आता दोनशे नऊ. तीन ग्रॅम गेले, तो मळ असणार. बाकी सगळे साहेब आत आहेत. दाटीवाटीने."

वकीलबाईने पिशवी उचलली, तळहातावर तोलली. बाहेरूनच एका ताठ कानावर अंगठा फिरवला. मग पिशवीकडेच बघत, अगदी हळू म्हणाली, "मला पण आत हेच करणार आहेत ना?"

"छे गं," अध्यक्षबाई म्हणाल्या, "आत तर इतकी मज्जा—" आणि स्वतःच थांबल्या, कारण कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

जंतूआजी आईकडे वळली. "मी सांगू का तिला?"

आई खिडकीकडे बघत होती. तिने नाक पुसलं. "सांगा," ती म्हणाली. "मला चार दिवस झाले, जमत नाहीये."

"सिस्टर, चुकलं तर मध्ये बोला," जंतूआजी म्हणाली आणि खाटेवर टेकली. "पाण्याने नाही, औषधाने करतील. तुझ्या हाडांतला जुना मॅरो काढून दादाच्या मॅरोला जागा करायची असते. त्या औषधाने केस जातील. ते परत येतात. तोंड येईल, गिळताना दुखेल. वजन कमी होईल, तीन ग्रॅमपेक्षा बरंच जास्त. ताप येऊ शकतो. कंटाळा येईल."

"उलट्या राहिल्या," सिस्टर म्हणाल्या.

"उलट्याही होतील."

"किती?"

"ते आधी मोजता येत नाही."

वकीलबाईने एका हाताने दोन्ही वेण्या पुढे घेतल्या आणि त्यांची टोकं पाहिली. "हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सगळे म्हणतात, काही होणार नाही. काही होणार नसेल तर नेताय कशाला?"

हा प्रश्न त्या मजल्यावर कुणाला सुचला नव्हता. 

"आणि मी पण लहान होईन का?"

"नाही," जंतूआजी म्हणाली. "उंची कमी होत नाही. तू लोकरीची नाहीस."

वकीलबाईने यावर विचार केला. खाटेची कड धरलेला हात तिने सोडला, पण चेहरा काही सैल केला नाही.

"सही कुठे करायची?"

"बाबांनी केलीये गं," सिस्टर म्हणाल्या.

"ती त्यांची. माझी?"

सिस्टरांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि तापाच्या तक्त्याचा एक कोरा कागद उलटा करून दिला. वकीलबाईने खाली मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. मग जंतूआजीला वर यादी लिहायला लावली, केसांपासून उलट्यांपर्यंत, एकेका ओळीत. 'कंटाळा' शेवटी राहिला होता; तोही घातला. साहेबांसाठी वेगळा कागद झाला. त्यात काय काय होऊन गेलं ते लिहिलं आणि खाली जंतूआजीने सही केली.

"मी तुमच्यावर रागावलेली आहे," वकीलबाई कागद तपासत म्हणाली.

"बरोबर आहे."

"किती दिवस, ते अजून ठरवलेलं नाही."

"ठरलं की काचेतून सांग."

अध्यक्षबाई नवा हत्ती घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात पिशवीला बांधलेली रिबीन. वकीलबाईला बहुधा दया आली. "ह्यांना बाहेर ठेवा," ती म्हणाली. "ते नवीन आहेत. त्यांना सवय नाही."

दहाला तीन मिनिटं कमी होती. वकीलबाई खाटेवरून उतरली. साहेबांची पिशवी तिने छातीशी धरली नाही. हँडबॅगसारखी हातात लटकावली, शेपूट आत गोल फिरत होती. दारापाशी आल्यावर ती थांबली. चौकट तिच्या उजव्या हाताला होती. 

"आत गेल्यावर पहिलं काय?"

"पहिली अंघोळ," सिस्टर म्हणाल्या. "मग स्वच्छ कपडे, मग खाट."

"पाणी किती अंशांचं?"

"कोमट असतं गं."

"कोमट म्हणजे किती? नीट सांगा. एकदा घोटाळा झालाय."

सिस्टरांनी जंतूआजीकडे पाहिलं, मग आत गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. काही वेळाने त्यांनी दारातून डोकं बाहेर काढलं. "सदतीस."

वकीलबाईने मागे वळून जंतूआजीकडे पाहिलं. जंतूआजीने मान हलवली.

"चालेल," वकीलबाई म्हणाली, आणि चौकटीला हात न लावता आत गेली. मागोमाग आई गेली, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. दार आपोआप सावकाश मिटू लागलं. ते पुरतं मिटायच्या आधी आतून आवाज आला, "आणि साबण कोणता आहे?"